पाण्याने खाल्लेलं पिकअपचं इंजिन: भरून घ्यायचं की बदलायचं?

माळशेज घाट चढताना भरलेली गाडी गरम झाली तर कुणी फार मनावर घेत नाही. आमची पिकअप रिकामी असताना गरम झाली. नारायणगावचा टोमॅटो कल्याणला उतरवून परत येत होतो, मागे नुसते रिकामे क्रेट, तरी अर्ध्या घाटात काटा लालला टेकला. तासभर थांबून झाकण उघडलं तर आत गुळवणीसारखं तांबूस पाणी. पुढे थर्मोस्टॅटवरची (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेवरची) अॅल्युमिनियमची टोपी काढली, तेव्हा तिची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी निघाली.

मिस्त्री म्हणाला, "शेठ, इंजिन गेलं. कुर्ल्याहून जुनं आणून टाकू, चार दिवसांत गाडी रोडवर." मी त्याचं ऐकलं नाही, पण त्याहून वाईट केलं: नुसतं हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) बदलायला लावून वेळ मारून नेली. दीड महिन्यात गाडी परत त्याच घाटात, त्याच वळणावर उभी.

ज्यांच्याकडे यांत्रिक डिझेल पंपाची जुनी पिकअप आहे, बोलेरो पिकअप म्हणा, टाटा 207 म्हणा, आणि ज्यांच्यावर हा प्रसंग पहिल्यांदाच आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळं काम स्वतः करा असं माझं म्हणणं नाही. पण मिस्त्रीपुढे उभं राहून काय विचारायचं, काय डोळ्यांनी बघायचं आणि कुठे हात जोडून "थांबा" म्हणायचं, एवढं कळायलाच हवं. इंजिन कशाने खाल्लं ते सापडेपर्यंत दुरुस्तीलाही पैसे देऊ नका आणि बदलीलाही. नाहीतर आणलेलं इंजिनही त्याच पाण्यात बसतं.

गाडी गरम झाली त्या क्षणी

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि झाकणाला हात लावू नका. रेडिएटरचं झाकण साधारण 0.9 बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि ते पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज पाईप हाताने दाबता येईल इतका गार होईपर्यंत थांबा. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका. हेडला तडा जाण्याचा तो हमखास रस्ता आहे.

पाणी कमी झालंय आणि स्टार्टर मारला की इंजिन अडकल्यासारखं "टक्" करून थांबतंय, असं असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्या.

पाणी इंजिनाला खातं कसं

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?" हे मी स्वतः दहा वर्षं म्हणत आलो. कूलंटला अँटीफ्रीझ म्हणतात त्या नावानेच घोळ केलाय. पाणी गोठू न देणं हे त्याचं एक काम. आपल्या हवामानात त्याचं खरं काम गंज रोखणं. डब्यातलं बरंचसं द्रव्य इथिलीन ग्लायकॉल असतं, पण इंजिन वाचवतात ती त्यात मिसळलेली थोडीशी रसायनं. ती धातूवर पातळ थर धरतात आणि पाण्याला आंबट होऊ देत नाहीत. काही वर्षांत ती संपतात. ग्लायकॉल हळूहळू आम्लात बदलत जातं आणि मग जे पाणी इंजिन राखत होतं तेच इंजिन खायला लागतं.

आता पाण्याच्या वाटेवर काय काय लागतं ते बघा: बिडाचा ब्लॉक, कुठे अॅल्युमिनियमचं हेड किंवा टोपी, जुन्या रेडिएटरमध्ये पितळ आणि तांबं, त्यांना जोडणारा कथील-शिशाचा डाग, म्हणजे सोल्डर. वेगवेगळे धातू आणि मध्ये क्षारांचं पाणी म्हणजे बॅटरीच झाली. या बॅटरीत आधी अॅल्युमिनियमचा बळी जातो. वर बोअरचं पाणी ओतलं की क्लोराइड आयतंच मिळतं आणि चुनखडीचा थर ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर चढतो, घरातल्या गिझरच्या कॉइलवर चढतो तसा. तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पाणी थंड दिसतं, धातू मात्र तापलेला असतो.

ज्या डिझेल इंजिनात वेट लायनर असतात, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो त्या लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं, तिथे आणखी एक दुखणं असतं. प्रत्येक स्फोटाला पिस्टन लायनरच्या एका बाजूवर आदळतो, लायनर घंटेसारखा थरथरतो, बाहेरच्या पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि प्रत्येक बुडबुडा धातूचा कण उडवतो. वर्षानुवर्षं हे चाललं की लायनरला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्याला गंज समजू नका. पाण्याच्या त्या ठोक्यांनी भोक पाडलेलं असतं. योग्य कूलंट असेल तर लायनरवरचा थर टिकतो आणि हे लांबतं.

पाना लावण्याआधीची तपासणी

या तपासण्या घरच्या अंगणात होतात. इंजिन गार असताना करा.

पाण्याचा रंग बघा. तांबूस म्हणजे ब्लॉक गंजतोय. करडं-दुधी गाळासारखं दिसलं तर अॅल्युमिनियम जातंय किंवा दोन न जमणारी कूलंट एकत्र झालीयेत. वर तेलाचा तवंग असेल तर गॅस्केट, ऑइल कूलर किंवा तडा.

ऑइलची पट्टी काढा. ऑइल चहाच्या रंगाचं दुधाळ झालं असेल, किंवा न घालताच पातळी वाढली असेल, तर पाणी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतंय. गाडी एक किलोमीटरही चालवू नका; क्रँकच्या बेअरिंगांना हे मिश्रण फार दिवस ठेवत नाही. मात्र थंडीच्या दिवसांत फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस असेल आणि पट्टी स्वच्छ असेल, तर ती बहुधा साधी वाफ. घाबरून हेड उतरवू नका.

पाण्याची वीज मोजा. ही युक्ती मला एका ऑटो इलेक्ट्रिशियनने शिकवली आणि अजून निम्म्या मिस्त्र्यांना ती थट्टा वाटते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल वायरचं टोक रेडिएटरच्या पाण्यात, धातूला न लावता. 0.1 व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. 0.3 च्या पुढे गेला तर कूलंट संपलेलं आहे. आता हेडलाइट लावा, कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. तेवढ्यात आकडा उडी मारत असेल तर गाडीची अर्थिंग खराब आहे आणि वीज पाण्यातून वाट काढतेय. आमच्या गाडीत नेमकं हेच होतं: इंजिन ते चेसिस जाणारी अर्थची पट्टी कधीतरी क्लचच्या कामात काढली, ती परत लावलीच नव्हती. काही रुपयांची पट्टी.

बुडबुडे बघा. रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडं ठेवा, वॉटर पंप फिरवणारा बेल्ट काढा आणि इंजिन चालू करा, मिनिटभरच. पंप बंद असताना एकसारखे बुडबुडे येत असतील तर सिलेंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. गार इंजिन चालू करताच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तरी अर्थ तोच.

शेवटची तपासणी दाबाची. झाकणाच्या जागी बसणारा हातपंप बऱ्या गॅरेजमध्ये असतो. झाकणावर लिहिलंय तेवढाच दाब द्या आणि पंधरा मिनिटं काटा बघा. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच थेंब नाही, म्हणजे पाणी आत जातंय. पण आधी बाहेर नीट बघा: ब्लॉकच्या बाजूला वाटीसारख्या गोल चकत्या ठोकलेल्या असतात, कोर प्लग. त्या पातळ पत्र्याच्या असतात आणि आतून गंजतात. एखादी स्टार्टरच्या मागे किंवा गिअरबॉक्सच्या अंगाला लपलेली असते. "ब्लॉक फुटला" म्हणून सांगितलेल्या गाडीत शेवटी एक कोर प्लग गेलेला निघाला, हे मी पाहिलंय.

या सगळ्यात फक्त पाणी गढूळ निघालं आणि बाकी सगळं नीट असेल, तर नशीब समजा. तुमचं काम धुण्यावर भागेल. खाली "धुणं आणि भरणं" या भागाकडे जा.

हेड उतरवताना

इथून पुढे मिस्त्री लागतो. तरी तुम्ही तिथे थांबा, निदान पहिले दोन तास. मोबाईलवर फोटो काढा: प्रत्येक पाईप, प्रत्येक वायर, पंपाच्या टायमिंगच्या खुणा. हेडचे बोल्ट ज्या क्रमाने होते तसेच पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचा. कुठला बोल्ट ओला निघाला, कुठला गंजलेला, हे नंतर कामी येतं.

पाणी काढताना ते घमेल्यात धरा आणि मोजा. किती लिटर निघालं ते भिंतीवर लिहून ठेवा. आणि ते गटारात ओतू नका, अंगणातही ठेवू नका. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं ते पितात, आणि थोड्या पाण्यानेही त्यांची मूत्रपिंडं जातात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा.

हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करायचे. एकदम एका बाजूने सोडले तर हेड वाकतं. हेड उचललं की गॅस्केट फेकू नका. ते उन्हात नीट बघा. सिलेंडरभोवतीची धातूची कडी कुठे काळी पडलीय, पाण्याच्या भोकाजवळ कुठे फुगलीय, यावरून कारण वाचता येतं. आमच्या पहिल्या गॅस्केटवर तिसऱ्या आणि चौथ्या सिलेंडरच्या मध्ये काळी वाट स्पष्ट दिसत होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही, नवं गॅस्केट बसवलं आणि दीड महिना मिळवला.

लेथवर: जिथे खरा निर्णय होतो

गॅरेजमध्ये इंजिनाचा निर्णय करू नका. हेड, आणि गरज असेल तर ब्लॉक, मशीन शॉपमध्ये न्या, ज्याला आपण सरसकट लेथ म्हणतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशी दुकानं गल्लीगल्लीत आहेत. तालुक्याच्या गावी एखाद-दुसरं असतं. मी ज्या दुकानात गेलो तिथले काका चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणाले, "आधी धुऊन आण, मग बोलू." घाणेरड्या ब्लॉकवर मत देणारा माणूस अंदाज मारतो.

धुणं म्हणजे नुसतं डिझेल आणि ब्रश नाही. कोर प्लग काढायला लावा आणि आतून तार घालून खरवडून घ्या. पाणी पंपाकडून मागे जातं, त्यामुळे सगळा गाळ शेवटच्या सिलेंडरच्या मागे बसतो. आमच्या ब्लॉकमधून चहाचा मग भरेल एवढा तांबडा चिखल निघाला आणि त्याखाली चुनखडीचे खपले. आमच्याकडचे तिसरा-चौथा सिलेंडर तापायचे त्याचं उत्तर त्या मगात होतं. एक लक्षात ठेवा: कॉस्टिकच्या गरम टाकीत बीड धुतात, अॅल्युमिनियम तिथे विरघळतं. हेड कशाचं आहे माहीत नसेल तर लोहचुंबक लावून बघा.

मग मोजमाप. हेडच्या फेसवर सरळ पट्टी आडवी-तिडवी ठेवून खालून फीलर गेज सरकवतात. बहुतेक इंजिनांत 0.05 ते 0.1 मिमीच्या पुढे वाक चालत नाही. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. वाक असेल तर फेसिंग करतात, म्हणजे मशीनवर घासून फेस सपाट करतात. डिझेलमध्ये हेड कितीही घासता येत नाही, कारण वॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर फार थोडं असतं. म्हणून "किती काढलं?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर मिमीमध्ये घ्या. त्यावर गॅस्केटची जाडी ठरते. अनेक इंजिनांना दोन-तीन जाडीची गॅस्केटं येतात आणि कडेच्या खाचांवरून ती ओळखतात.

आता खड्डे. नख फिरवून बघा. पाण्याच्या भोकाच्या कडेला, गॅस्केटच्या कडीपासून लांब असलेले उथळ खड्डे फेसिंगमध्ये जातात. खड्डा कडीच्या खालपर्यंत पोचला असेल तर तो भरायलाच हवा. अॅल्युमिनियम हेडला आर्गन वेल्डिंगने भरतात आणि वरून फेसिंग करतात; चांगल्या हाताचं काम वर्षानुवर्षं टिकतं. एपॉक्सीची पुट्टी भरून वर गॅस्केट लावणारेही भेटतील. सिलेंडरच्या तोंडाशी असलेली आग आणि दाब पुट्टी सोसत नाही, तिथून उठून दुसरीकडे जा.

भरून झाल्यावर हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्या लावून बंद करतात, हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. बुडबुडा आला की तडा. गरम पाण्यातच बुडवायला सांगा, कारण काही तडे गार असताना मिटलेले असतात.

ब्लॉककडे या. लायनर वेट असेल तर चेंबर उतरवून, पाण्याच्या वाटेला दाब देऊन, खाली कोरडा पुठ्ठा ठेवून रात्रभर सोडा. सकाळी टॉर्च घेऊन खालून बघा. लायनरच्या आतल्या अंगाने ओघळ असेल तर लायनरला भोक आहे. लायनरच्या बाहेरून, खालच्या बाजूने थेंब असतील तर रबरी ओ-रिंग गेल्यात किंवा त्यांची बसकण गंजलीय. लायनर बदलताना तो ब्लॉकच्या फेसच्या किंचित वर उभा राहायला हवा, मिमीच्या काही शतांशांएवढा. तो आकडा मोजल्याशिवाय हेड बसवू देऊ नका. ड्राय लायनरमध्ये पाणी लायनरला लागतच नाही, तिथे पाणी आत येतंय म्हणजे ब्लॉकच्या भिंतीलाच तडा किंवा भोक आहे, आणि ते दुखणं जड.

ऑइलमध्ये पाणी गेलं होतं तर क्रँक बघितल्याशिवाय इंजिन मिटवू नका. बेअरिंगच्या जागा चकचकीत हव्यात. रेघ नखाला लागली तर क्रँक घासून 0.25 किंवा 0.50 मिमी अंडरसाइज बेअरिंग घालावी लागते.

भरायचं की बदलायचं

दुखणं फक्त हेडचं असेल, खड्डे भरण्यासारखे असतील, वाक मर्यादेत असेल, तर दुरुस्ती करा, दुसरा विचार नको. लायनर वेट असतील आणि दोन-तीन लायनरना भोकं असतील, तरी दुरुस्तीच, कारण लायनर बदलता यावेत म्हणूनच ते तसे बनवलेत. मात्र चारही बदला. एक नवा आणि तीन जुने घालून मागे लागलेलं शुक्लकाष्ठ सुटत नाही.

ब्लॉकच्या वरच्या फेसला दोन सिलेंडरच्या मधल्या अरुंद पट्टीत खोल खड्डे किंवा तडा असेल, तिथे मी थांबतो. बिडाचं वेल्डिंग तापवून, मुरवून करावं लागतं. धातूचे पेच एकात एक घालून तडा शिवण्याचं कामही करणारे आहेत, पण रोज दीड टन माल ओढणाऱ्या गाडीत त्या पट्टीवर मी भरवसा ठेवणार नाही. क्रँक, लायनर, हेड आणि ब्लॉक असं सगळंच मागत असेल तर आकडा लिहून काढा. माझा स्वतःचा हिशेब असा: सगळा खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर इंजिनाचं सोडा, गाडी विकण्याचाच विचार करा. चेसिस सडलेल्या गाडीला नवं काळीज बसवून फायदा नाही.

बदलायचंच ठरलं तर तीन वाटा: कंपनीकडून हाफ इंजिन (हेडशिवायचा जोडलेला ब्लॉक), ओळखीच्या ठिकाणाहून नव्याने बांधलेलं इंजिन, किंवा स्क्रॅपमधलं चालू इंजिन. स्क्रॅपमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अंधारातलं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाणार असाल तर सोबत टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि मिस्त्री न्या. थर्मोस्टॅटची टोपी उघडायला सांगा आणि आत बोट फिरवा. बोट तांबडं निघालं तर ते इंजिनही तुमच्यासारख्याच कुणीतरी बोअरच्या पाण्यावर चालवलेलं आहे. ऑइलचं झाकण उघडून आत चिकट काळा गाळ किंवा दुधाळ थर बघा. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजून देत असेल तर चारही सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा दहा-पंधरा टक्क्यांनी मागे असेल तर सोडा. "चालून बघा" म्हणून दोन मिनिटं स्टार्ट करून दाखवतात, त्याला फार अर्थ नाही. पाणी तापायला जरा वेळ लागतो आणि दुखणं तेव्हाच बाहेर पडतं.

इंजिन त्याच मॉडेलचं, त्याच बीएस नॉर्मचं (धुराच्या मर्यादेचं) घ्या. यांत्रिक पंपाच्या गाडीत कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणारं) इंजिन बसवायच्या गप्पा ऐकायला बऱ्या असतात. मग ईसीयू (तो कॉम्प्युटर), वायरिंग आणि सेन्सर असा अख्खा संसार हलवावा लागतो.

कागद विसरू नका

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. हेड बदललं तर नंबर तोच, ब्लॉक बदलला तर नंबर बदलला. मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती आधी घ्या, आणि विमा कंपनीलाही कळवा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दर वर्षी असतं, तिथे नंबर जुळला नाही की गाडी अडते. म्हणून जुनं इंजिन घेताना नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत मागा. नंबर घासलेला किंवा नव्याने ठोकल्यासारखा दिसला तर कितीही स्वस्त असो, परत फिरा. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर इंजिनही जातं आणि पोलीस ठाण्याच्या चकरा सुरू होतात.

जोडणी

बांधणीत नवख्याने चार ठिकाणी डोळा ठेवावा. हेड बोल्टची ब्लॉकमधली भोकं हवेने फुंकून कोरडी करा. तळ बंद असलेल्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ब्लॉकला तडा जातो. बोल्ट टॉर्क पान्यानेच, मध्यापासून बाहेर, मॅन्युअलमधल्या टप्प्यांनी. ताणून बसणारे बोल्ट असतील तर नवेच. आणि सगळे कोर प्लग नवे. इंजिन बाहेर असताना ते बदलायला अर्धा तास लागतो, गाडीत असताना गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

थर्मोस्टॅट. "गरम होते म्हणून काढून टाकला" असं सांगणारा प्रत्येक गॅरेजमध्ये एक असतो. तो काढला तर इंजिन कायम गार चालतं, डिझेल जास्त पितं, झिजतं, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहून उलट जास्त तापतं. नवा घाला, पण आधी तपासा: पाण्याच्या पातेल्यात दोरीने टांगा, थर्मामीटर ठेवा आणि गॅस लावा. त्याच्यावर 82 लिहिलं असेल तर त्या आसपास तो उघडायला हवा. घरातलं पातेलं घेऊ नका, पुढे आठ दिवस त्यावरून ऐकावं लागतं.

वॉटर पंप, गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी, उघडून आतला पंखा बघा. गंजाने पंख्याची पाती अर्धी झालेली असली तरी तो बाहेरून गळत नाही आणि कुणाला शंका येत नाही. रेडिएटर पितळी असेल तर वरची टाकी खोलून आत सळई मारून घ्या किंवा नवी जाळी बसवा. अॅल्युमिनियमचा असेल आणि आतून पांढरा झाला असेल तर बदला. झाकण, होज, क्लिपा नव्या. आणि ती अर्थची पट्टी.

धुणं आणि भरणं

इंजिन उघडलंच नसेल आणि फक्त पाणी खराब असेल तर धुऊन घ्या. पाणी काढा, साधं पाणी भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवा, गार करा, काढा. असं पाणी स्वच्छ निघेपर्यंत. गंज जास्त असेल तर लिटरला 30 ते 50 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, घालून अर्धा तास गरम चालवतात आणि मग तीन-चार वेळा पाणी बदलून काढतात. संडास साफ करायचं अॅसिड कुणी सुचवलं तर ऐकू नका, ते गंजासोबत इंजिनही नेतं. एक इशारा: गंजानेच भोक बुजलेलं असेल तर धुतल्यावर गळती सुरू होईल. ती धुण्याने झालेली नसते, फक्त उघडी पडलेली असते. मोठ्या ट्रिपच्या आदल्या दिवशी मात्र हे करू नका.

शेवटचं धुणं आणि मिश्रण दोन्हीला डिमिनरलाइज्ड पाणी वापरा, बॅटरीत घालतो ते. डब्यावर आयएस 5759 किंवा जेआयएस के 2234 असं लिहिलेलं कूलंट घ्या. रंगावर जाऊ नका. हिरवा-लाल हा कंपनीचा शौक आहे, आत काय आहे ते डब्याच्या मागे वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं-निम्मं. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं तर उष्णता कमी वाहते, आणि तीस टक्क्यांच्या खाली गेलं तर गंज रोखायला पुरत नाही. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका. वेट लायनरच्या इंजिनाला हेवी ड्युटी डिझेलसाठीचं कूलंट घ्या, तिथे कारचं चालत नाही.

भरताना गाडीचं तोंड चढाला करा, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा आणि बारीक धारेने भरा. भिंतीवर लिहिलेला लिटरचा आकडा आठवा. तेवढं बसलं नाही तर आत हवा अडकलीय. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरा आणि झाकण लावा.

पहिले हजार किलोमीटर

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गार इंजिनावर पातळी बघा आणि रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या डब्यावर पेनने रेघ ओढा. अर्धा माल भरा, घाटात गिअर लवकर खाली घ्या. 500 ते 1000 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या कपड्यावर ओतून बघा. मॅन्युअल सांगत असेल तरच हेड बोल्ट पुन्हा आवळा. महिन्याने मल्टिमीटर परत लावा. कूलंट डब्यावर लिहिलेल्या मुदतीला बदला, साध्या प्रकाराला ती साधारण दोन वर्षं असते.

ड्रायव्हर दुसरा असेल तर त्याला बसवून एकच सांगा: रस्त्यात पातळी कमी झाली तर ढाब्याच्या नळाचं पाणी ओतायचं नाही. आमच्या केबिनमध्ये सीटमागे तयार मिश्रणाचा पाच लिटरचा कॅन असतो, त्यावर मोठ्या अक्षरांत "प्यायचं नाही" असं लिहिलंय, आणि तो कमी झाला की मला फोन येतो.